मुलांसोबत विमानतळावरचे आठ तास: मुद्दाम लांबचा थांबा घेतलाय का कुणी?

अबोली

डिसेंबरात मेलबर्नहून मुंबईला येताना आम्ही सिंगापूरला साडेआठ तासांचा थांबा मुद्दाम घेतला. तिकीट काढताना नवरा दोनदा म्हणाला, "अगं, दीड तासाचं कनेक्शन मिळतंय, कशाला उगाच?" पण आदल्या वर्षीचं दीड तासाचं कनेक्शन आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी लेकीला कडेवर घेऊन पळत होते, मुलगा "आई, शू" म्हणत मागून येत होता आणि थांबायला वेळच नव्हता. त्याची चड्डी ओली झाली. विमान मिळालं, बॅगा दोन दिवसांनी आल्या. सहा वर्षांचा होता तेव्हा तो. विमानात बसल्यावर एक शब्द बोलला नाही, नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. पोरांना पुन्हा असं पळवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

या वेळी पहाटे साडेपाचला सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो, पुढचं विमान दुपारी दोनला. सोबत सासू-सासरे, मुलगा सात वर्षांचा आणि लेक साडेतीन. डिसेंबरात मेलबर्नचं घड्याळ सिंगापूरच्या तीन तास पुढे असतं, म्हणजे मुलांच्या अंगात साडेआठ वाजले होते. दोघंही टक्क जागी आणि भुकेली. म्हणून घरी सकाळी करतो तेच केलं. दात घासले, तोंडं धुतली, कपडे बदलले आणि डब्यातल्या दशम्या नि शेंगदाण्याची कोरडी चटणी काढून बसलो. नुसते कपडे बदलल्यावर मुलं किती ताजीतवानी होतात ते मला त्या दिवशी कळलं.

टर्मिनल ३ मध्ये ट्रान्झिटच्या भागातच, म्हणजे इमिग्रेशन न ओलांडता, फुलपाखरांची बाग आहे. तिकीट नाही, काही नाही. आत कृत्रिम धबधबा, दमट हवा आणि भोवती फुलपाखरंच फुलपाखरं. बशीत अननसाच्या चकत्या ठेवलेल्या असतात. लेकीच्या नाकासमोर एक फुलपाखरू चकतीवर बसलं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड त्यानं हळूहळू उलगडली आणि रसात टेकवली. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारी माझी लेक त्या बशीशी उकिडवी बसून राहिली. मग माझ्या कानात म्हणाली, "आई, त्याला स्ट्रॉ आहे." सांगायचं म्हणजे बागेत दिवसाउजेडी जा. रात्री फुलपाखरं पानांखाली झोपलेली असतात.

विमानतळाला लागून ज्वेल नावाची काचेची इमारत आहे, तिच्यातला तो प्रसिद्ध धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे. आमचे पासपोर्ट ऑस्ट्रेलियन, त्यामुळे आम्हा चौघांना जाता आलं असतं. सासू-सासऱ्यांचे भारतीय आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची मुदत संपत आलेली, म्हणून त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. त्यांना आत बसवून आपण मजा करायची हे मला पटेना. मग माहिती कक्षातल्या बाईंनी सांगितलं की टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्वेलच्या पोटातूनच जाते, तीत बसा. धबधबा सकाळी उशिरा सुरू होतो, म्हणून अकरा वाजून गेल्यावर गेलो. काचेच्या छतातून चाळीस मीटर खाली कोसळणारं पाणी आणि शेजारून आपली गाडी! सासरे साताऱ्याचे. ते उठून उभेच राहिले. "ठोसेघर घरात आणलंय की रे यांनी!" आम्ही चार फेऱ्या मारल्या. गाडी फुकट आहे, कुणी उतरा म्हणत नाही.

त्यानंतर मुलं दीड तास झोपली, चांगल्या जाड गालिच्यावर, आजीची शाल अंगावर घेऊन. मुंबईच्या विमानात दोघंही हसत चढली.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्या विमानतळावर मुलं रमली, कुठे हाल झाले, सगळंच.

रानवारा

छान लिहिलंयस अबोली. पण थोडं वेगळं मत मांडतो. मूल वर्षाच्या आतलं असेल तर जितक्या लवकर घरी पोचाल तितकं बरं. आमचा धाकटा दहा महिन्यांचा असताना सात तास थांबलो होतो. त्याला फुलपाखरं नकोत, झाडं नकोत, त्याला हवा होता त्याचा पाळणा. शेवटचे तीन तास मी त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होतो.

आणि खर्चाचंही बघा. आठ तासांत दोन वेळचं खाणं होतं, चौघांचं विमानतळाच्या भावानं. माझ्या मते अडीच ते साडेतीन तास उत्तम. पाय मोकळे होतात, शू-शी, खाणं, थोडं खेळणं होतं, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही.

अबोली

रानवारा, बाळाच्या बाबतीत पटलं. साडेतीन तासांवरही मी भांडणार नाही. माझा राग आहे तो एक-दीड तासाच्या कनेक्शनवर. तिकिटाच्या संकेतस्थळावर ते सगळ्यात वर दिसतं, आणि ते एकट्या माणसाच्या चालीनं मोजलेलं असतं. साडेतीन वर्षांची मुलगी सरकत्या पट्ट्यावर चढायलाच मिनिटभर घेते.

खाण्याचं म्हणशील तर आम्ही फक्त दूध आणि एकदा नूडल्स विकत घेतले. बाकी डबा.

तिळगूळ

डब्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियाला जाताना उरलेला खाऊ उतरायच्या आधी संपवा, नाहीतर कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' असं स्पष्ट लिहा. लपवलं तर दंड होतो, लिहिलं तर फार तर फेकून देतात. आणि श्रीखंड, तूप, ओलं लोणचं हातातल्या बॅगेत नको. शंभर मिलिलिटरचा नियम त्यांनाही लागू होतो. बाळाच्या दुधाला मात्र सवलत असते, तपासणीला ते वेगळं काढून दाखवा.

दोन_पिल्लं

अगदी वेळेवर धागा आला! पुढच्या महिन्यात मी एकटी दोन मुलांना घेऊन जातेय. धाकटा अकरा महिन्यांचा, थोरली पाच वर्षांची. पुण्याहून गाडीनं मुंबई, मुंबई ते दोहा, दोहाहून डॅलस. नवरा आधीच गेलाय. दोहाला रात्री साडेनऊला पोचणार आणि पुढचं विमान सकाळी आठला. साडेदहा तास! रानवारा यांची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. तिकीट बदलायचं तर खूप पैसे मागतायत. कुणी रात्रभर थांबलंय का दोहाला लहान मुलांसोबत?

रानवारा

अरेरे, घाबरवायचा अजिबात हेतू नव्हता ताई. रात्रीचा थांबा दिवसापेक्षा बरा, कारण मुलं झोपेला आलेली असतात. माझा दिवसाचा होता.

वाळवंटी_कोकणी

ताई, मी गेली बारा वर्षं आखातात आहे, दोहावरून मुलांसकट बऱ्याचदा गेलोय. सविस्तर लिहितो.

आधी घड्याळ बघा. दोहा भारताच्या अडीच तास मागे. तुम्ही साडेनऊला उतराल तेव्हा मुलांच्या अंगात रात्रीचे बारा असतील. तेव्हा त्यांना काहीही दाखवायला जाऊ नका. सरळ झोपवा. आणि तुमच्याकडे सकाळी सात वाजता उठणारी मुलं दोहाच्या साडेचारला उठून बसतील. तुमची खरी मजा साडेचार ते साडेसहा.

झोपायचं कुठे? तिथे शांत खोल्या आहेत, पुरुषांच्या, बायकांच्या आणि कुटुंबांच्या वेगळ्या. आडव्या होणाऱ्या खुर्च्या, मंद दिवे, पैसे लागत नाहीत. भरलेल्या असू शकतात, म्हणून उतरल्या उतरल्या तिकडे जा, दुकानांत रेंगाळू नका. एसी जबरदस्त असतो. मुलांना मोजे, कानटोपी आणि एक गोधडी, अगदी आईच्या जुन्या लुगड्याची असली तरी चालेल, हातातल्या बॅगेत वरच ठेवा. जमत असेल तर माझा सल्ला असा: इमिग्रेशन न ओलांडता आतल्या आतच राहता येईल असं हॉटेल तिथे आहे. स्वस्त नाही. पण एकटी बाई, दोन मुलं, बाथरूमला जाताना सामान कुणाकडे द्यायचं हाही प्रश्न असतो, तेव्हा पाच-सहा तासांची खोली घेतलीत तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. आधी नोंदवा. आणि विमान कंपनीला फोन करून विचारा की एवढ्या लांब थांब्याला त्या काही सोय देतात का. काही कंपन्या देतात, पण आधी मागावी लागते, काउंटरवर ऐनवेळी मिळत नाही.

पहाटे उठलात की 'ऑर्चर्ड' नावाच्या भागात जा. २०२२ मध्ये सुरू झालेली आतली बाग आहे, खरी मोठमोठी झाडं, मध्ये पाणी, वर काचेचं छत. पाच वर्षांच्या मुलीला विमानतळात रान बघून मजा वाटेल. मग ते पिवळं अस्वल. शिल्पकार उर्स फिशर यांनी केलेलं शिल्प, सात मीटर उंच, डोक्याशी दिवा. दिसतं कापडाचं, आहे ब्राँझचं. मुलीला म्हणावं, हात लावल्याशिवाय ओळखून दाखव कशाचं आहे ते. त्याखेरीज टॉम ओटरनेस यांची ब्राँझची शिल्पं आहेत, ती मुलांनी चढाय-उतरायसाठीच केलीत. आणि छताजवळून धावणारी छोटी आगगाडी. ती टर्मिनलच्या आतल्या आत चालते, वरून खालचं सगळं दिसतं.

एक महत्त्वाचं. अमेरिकेच्या विमानाला गेटपाशी पुन्हा तपासणी होऊ शकते, बॅगा उघडायला लावतात. साडेसहाला गेटच्या दिशेनं निघा. बाबागाडी तिथे फुकट मिळते, तुमची स्वतःची कदाचित थेट डॅलसलाच हाती येईल. मुंबईला चेक-इन करताना विचारून घ्या.

दोन_पिल्लं

दादा, काय बोलू! घड्याळाचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी उतरल्या उतरल्या अस्वल दाखवायचं ठरवत होते. हॉटेलचं बघतेच.

नातवंडांची_आजी

मी नागपूरची. दरवर्षी दुबईवरून मुलीकडे जाते, दोनदा नातवाला एकटीनं सोबत नेलंय. दोन गोष्टी सांगते, बायांनो.

पहिली खसखशीची. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी फार लक्ष द्या. आपले अनारसे खसखशीवर थापतात, करंजीच्या सारणातही कुणी कुणी घालतं. अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे आणि ते हे अमली पदार्थाच्या नियमात धरतात. सिंगापुरातही बंदी आहे. तुम्ही विमानतळाच्या बाहेर पडणार नसलात तरी मुलांच्या खाऊच्या डब्यात हे नकोच. मी आता तिळावर थापते. खुसखुशीत होतात, मुलांना कळतही नाही.

दुसरी व्हीलचेअरची. माझे गुडघे दुखतात म्हणून मुलीनं व्हीलचेअर सांगितली होती. माणसं फार चांगली असतात, पटापट नेतात. पण नेतात आणि एका बसायच्या जागी सोडतात. विमानाच्या वेळी पुन्हा न्यायला येतात. मधले चार तास मी तिथेच आणि सात वर्षांचा नातू माझ्या पायाशी कंटाळलेला. पुढच्या वेळी मी त्या मुलाला आधीच विचारलं, "बाळा, आम्हाला खेळायच्या जागेजवळ सोडशील का?" त्यानं सोडलं, किती वाजता न्यायला येईन तेही सांगितलं. विचारलं तर करतात. आपण विचारत नाही.

अबोली

काकू, खसखशीचं वाचून माझं धाबं दणाणलं. सासूबाईंनी गेल्या वर्षी करंज्या दिल्या होत्या! आता विचारूनच घेईन.

सह्यभटका

माझ्या मुलींचा आवडता विमानतळ झ्युरिक. तिथे एका बाजूची गेटं लांब आहेत, मुख्य इमारतीत यायला स्कायमेट्रो नावाची भुयारी गाडी लागते. गाडी सुरू झाली की डब्यात गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजतात आणि गाय हंबरते! खिडकीबाहेर भिंतीवरची हायडी, ती स्विस गोष्टीतली मुलगी, हलताना दिसते. तीन मिनिटांचा प्रवास. धाकटी डोळे विस्फारून म्हणाली, "बाबा, गाय कुठल्या डब्यात आहे?" आम्हाला पुन्हा उलटं जायची सोय नव्हती, म्हणून घरी आल्यावर महिनाभर मला गाय व्हावं लागलं.

आता गंभीर. एका मोठ्या विमानतळावर थोरली आमच्या हातून अकरा मिनिटं हरवली होती. मी आणि बायको, दोघांनाही वाटलं ती दुसऱ्याजवळ आहे. ती अकरा मिनिटं मी विसरू शकत नाही. ती एका खांबाशी उभी राहून आमची वाट बघत होती, कारण 'हरवलीस तर जिथे आहेस तिथून हलायचं नाही' हे आम्ही घरी खेळ म्हणून घोटून घेतलं होतं. तेव्हापासून तीन गोष्टी करतो. निघायच्या सकाळी मुलींचा त्याच कपड्यांत पायापासून डोक्यापर्यंत फोटो. मनगटावर पेननं आमचा फोन नंबर, देशाच्या कोडसकट. आणि मुलगी कुणाच्या ताब्यात आहे ते मोठ्यानं बोलायचं: "आता तुझ्याकडे." "हो, माझ्याकडे."

पार्लेकर

'आता तुझ्याकडे' हे आजपासून आमच्या घरातही सुरू.

मुंबईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नागपूर, गोवा, संभाजीनगरहून येऊन मुंबईत चार-पाच तास थांबणारे खूप असतात आणि सगळे मोबाईलमध्ये मान घालून बसतात. टर्मिनल २ सुरू झालं २०१४ मध्ये, आणि त्यात 'जय हे' नावानं जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची कलाभिंत आहे. देशभरातल्या जुन्या लाकडी कमानी, मुखवटे, देवड्या, खेळणी. राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली मांडलेली. मुलांना 'कला बघ' म्हटलं तर बघणार नाहीत. 'हत्ती मोज' म्हणा. माझ्या भाचीनं एकवीस मोजले आणि वाटेत शंभर प्रश्न विचारले. वर बघायलाही सांगा, छत आणि खांब मोराच्या पिसाऱ्यावरून घेतलेत.

देशातल्या देशातलं विमान टर्मिनल १ ला उतरणार असेल तर लक्षात ठेवा, टर्मिनल २ ला रस्त्यानं जावं लागतं आणि तो रस्ता मुंबईचा आहे. मुलं असतील तर निदान चार तास हाताशी ठेवा.

शांत_कोपरा

आमचा मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न आहे. वरचे सगळे अनुभव वाचताना छान वाटलं, पण आमच्यासाठी आठ तास दिवे, घोषणा आणि गर्दी म्हणजे परीक्षा. तरीही आम्ही लांबचाच थांबा घेतो, कारण घाई त्याला अजिबात सहन होत नाही. त्याला एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला वेळ लागतो, तो वेळ आम्ही विकत घेतो.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी: सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी दोरी गळ्यात घालायची पद्धत आहे. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता दुबई, बंगळुरूसह अनेक ठिकाणी चालते. न दिसणारी अडचण आहे एवढं त्यातून कर्मचाऱ्यांना कळतं. रांगेत तुम्हाला सगळ्यांसमोर मुलाबद्दल सांगत बसावं लागत नाही. पहिल्यांदा तपासणीच्या बाईंनी ती दोरी बघितली, काही न विचारता मुलासमोर गुडघ्यावर बसल्या आणि त्याला पट्टा कसा फिरतो ते दाखवलं. मी बाजूला जाऊन रडले.

जाण्याआधी त्या विमानतळाचा नकाशा छापून घेतो. मुलगा त्यावर वाट आखतो आणि तिथे गेल्यावर तोच आमचा वाटाड्या. रिकामं गेट शोधून तिथेच ठाण मांडतो. कानाला आवाज कमी करणारे हेडफोन आणि त्याची नेहमीची ताटली सोबत. ताटली जड आहे. तरी नेतो.

नातवंडांची_आजी

लेकरा, तुझ्या मुलाला माझे आशीर्वाद. वाटाड्या म्हणून त्याला आमच्याही सोबत पाठव.

तिळगूळ

शांत_कोपरा, नकाशाची कल्पना सगळ्याच मुलांसाठी घेण्यासारखी आहे.

एक छोटी पण कामाची गोष्ट: काही विमान कंपन्यांनी २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केलीय. त्यामुळे मुलांचं टॅब्लेट थांब्यातच भरून घ्या. जेवायला बसाल ती जागा प्लगजवळची निवडा.

दोन_पिल्लं

धागा वर काढतेय. पोचलो! सुखरूप!

आतल्या हॉटेलात सहा तासांची खोली घेतली. आईनं पैसे दिले, "एकटी जातेस, माझा जीव लागणार नाही" म्हणून. अकरा वाजता दोघं झोपली आणि दादांनी सांगितलं तस्सं चार चाळीसला बाळ उठून बसलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. दोघांना आंघोळ घातली. गरम पाण्याची खरी आंघोळ! थर्मास रिकामा नेला होता, कॉफीवाल्या मुलानं गरम पाणी भरून दिलं, त्यात मेतकुटाचा कोरडा भात कालवला. बाळानं चाटूनपुसून खाल्ला.

ऑर्चर्डमध्ये थोरलीनं चपला काढून हातात घेतल्या. म्हटलं का गं? तर म्हणे, "बागेत आलोय ना." पहाटेच्या पाचला ती त्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी पुढे आणि मी बाबागाडी ढकलत मागे. अस्वलापाशी वीस मिनिटं गेली. तिनं ओळखलं नाही कशाचं आहे ते, लोकरीचं म्हणाली. मग विचारलं, "आई, दिवा चालूच आहे तर याला झोप कशी लागते?" मला उत्तर आलं नाही, तर तिनंच बाळाचं पांघरूण काढून त्याच्या दिशेनं धरलं.

गेटपाशी बॅगा उघडल्याच. साडेसहाला निघालो होतो म्हणून निवांत झालं. बाबागाडी डॅलसलाच मिळाली. पंधरा-सोळा तासांच्या विमानात बाळ मधले चार तास रडलं, ते काही कुणाच्या हातात नव्हतं. शेजारच्या केरळच्या काकूंनी अर्धा तास घेतलं त्याला.

मे महिन्यात परत येतोय, तेव्हा दोहाला संध्याकाळी सहा तास आहेत आणि बाळ चालायला लागलेलं असेल. अमेरिकेहून येताना अंगातलं घड्याळ अगदी उलटं असेल ना? वाळवंटी दादा, तेव्हा कधी झोपवू नि कधी खेळवू, सांगाल का?